क्वान यिनच्या दारी कौल

माझी धाकटी बहीण सिंगापूरला असते. लग्न होऊन ती तिकडे गेली त्याला आता नऊ वर्षे झाली. "ताई, एकदा येऊन जा गं," हे तिचे प्रत्येक फोनवरचे पालुपद, आणि "बघू या, पुढच्या सुटीत," हे माझे. कधी मुलीची परीक्षा, कधी सासूबाईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन, कधी नुसतेच पैशांचे जमत नव्हते. गेल्या दिवाळीच्या सुटीत मात्र योग आला. आमच्या ह्यांना रजा मिळेना, तेव्हा "तुम्ही दोघी जाऊन या, मी आणि आई इकडचं बघतो," असे तेच म्हणाले. मग काय, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि थोडा फराळ बांधून आम्ही मायलेकी निघालो.

सिंगापूरचे रस्ते किती स्वच्छ आहेत, तिथली बाग किती सुंदर आहे, हे मी लिहीत बसत नाही. ते तुम्ही पुष्कळदा वाचले असेल. मला सांगायचे आहे ते तिथल्या एका रस्त्याबद्दल, एका देवळाबद्दल आणि बांबूच्या एका काडीबद्दल.

पण त्याआधी माझ्याबरोबर आलेल्या एका ओझ्याबद्दल सांगायला हवे. विमानतळावर त्याचे वजन झाले नाही, एवढेच.

आमचे अण्णा राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी एकटे राहतात. वय शहात्तर. आई जाऊन तीन वर्षे झाली. गेल्या श्रावणात अंगणातल्या शेवाळावरून त्यांचा पाय घसरला आणि शेजारची माणसे येईपर्यंत दोन तास ते तसेच पावसात पडून होते. हाड मोडले नाही, हे नशीब. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच विषय होता : अण्णांना ठाण्याला आणायचे. अण्णांचे उत्तर ठरलेले, "मी हय बरो आसंय." भाऊ बंगलोरला. तो म्हणतो, "तू ठरव, पैशांचं मी बघतो." बहीण इतक्या लांब, तिला नुसती काळजीच करता येते. हे म्हणाले, "आण की!" पण आमचे घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यात आम्ही तिघे आणि सासूबाई. मी सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवते, दुपारी घरी दोन-चार मुलांच्या शिकवण्या घेते. कुठे, कसे, काय, याचा विचार करताना रात्र रात्र झोप लागत नसे. आणलेच पाहिजे असेही वाटे, आणि मनातल्या मनात धसकाही वाटे. हे दुसरे मी कुणाजवळच बोलले नव्हते.

सिंगापूरला पोचल्यावर पहिल्याच रात्री आम्ही बहिणी ह्याच विषयावर दीड वाजेपर्यंत बोलत बसलो आणि जिथून सुरुवात केली तिथेच परत आलो.

बहिणीच्या शेजारच्या घरात एक चिनी आजीबाई राहतात. सत्तरी उलटली आहे, पण काटक. पूर्वी शिवणकाम करून त्यांनी संसार केला. सिंगापुरात वयाने मोठ्या बाईला सगळेच 'आँटी' म्हणतात. त्यामुळे आम्हीही त्यांना आँटीच म्हणत होतो. त्यांचे इंग्रजी तोडकेमोडके पण झणझणीत, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'ला' असतोच. सकाळी चकली द्यायला गेले तर माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "रात्री झोपली नाहीस तू. काय झालं?" बहिणीने थोडक्यात सांगितले. आँटींनी चकली मोडून तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर चल. क्वान यिनला विचारू."

बहीण शिकलेली, नोकरी करणारी. ती हसायला लागली. मला मात्र हसू आले नाही. कारण विचारायची सवय आमच्या घराला आहेच. आमच्या गावात विहीर खणायची असो की मुलीचे लग्न ठरवायचे असो, आधी देवीला कौल लावायचा. गुरव देवीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतात, गाऱ्हाणे घालतात, जमलेली माणसे "होय म्हाराजा" म्हणतात, आणि मग सगळ्यांचे डोळे कळ्यांकडे लागतात. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. माझे स्वतःचे लग्नही असेच उजव्या कळीवर ठरलेले!

दुसऱ्या दिवशी सकाळी बुगिस स्टेशनावर उतरून आम्ही चालत वॉटर्लू स्ट्रीटवर आलो. या रस्त्याच्या मधल्या भागात मोटारी नाहीत, माणसांनीच चालायचे. दोन्ही बाजूंना फुलवाल्यांची गर्दी. पिवळी शेवंती, आणि कमळाच्या हिरव्या मिटलेल्या कळ्या जुड्या बांधून ठेवलेल्या. उदबत्त्यांचा वास, "घ्या, घ्या," म्हणणाऱ्या म्हाताऱ्या, चाकाच्या खुर्चीत बसून कागदी रुमालांची पाकिटे विकणारा एक अपंग गृहस्थ. भाषा तेवढी बदलली तर आपल्याकडच्या कुठल्याही देवळाचा रस्ता वाटावा.

आणि खरोखरच, पहिले देऊळ दिसले ते आपलेच! श्रीकृष्ण मंदिर. दाक्षिणात्य पद्धतीचे, रंगीत मूर्तींनी भरलेले. १८७० साली एका वडाच्या झाडाखाली कृष्णाची मूर्ती ठेवून याची सुरुवात झाली. आत कृष्ण आणि रुक्मिणी. रुक्मिणी म्हटल्यावर मला आपली पंढरीच आठवली. पण गंमत पुढेच आहे. या देवळाच्या दारात चिनी बायका-पुरुष उभे होते, हातात त्यांच्या पद्धतीच्या उदबत्त्या, आणि कृष्णाला तीनदा वाकून नमस्कार करत होते. शेजारच्या क्वान यिनच्या देवळात आलेला माणूस जाता जाता इथेही हात जोडतो. आँटींनीही जोडले. मी विचारले तर म्हणाल्या, "शेजारी आहेत ना. शेजाऱ्याला हाक न मारता कसं जायचं?" याच रस्त्यावर १८७८ सालचे ज्यू लोकांचे प्रार्थनास्थळही आहे. सगळे एकाच गल्लीत, भाऊबंदासारखे.

क्वान यिनचे देऊळ मूळचे १८८४ सालचे. १९८० च्या दशकात ते मोठे करून बांधले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले तेव्हा आजूबाजूची घरे पडली पण देवळाला धक्का लागला नाही, असे तिथले लोक सांगतात. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, फार गर्दी असते. आम्ही साधा दिवस पाहून गेलो होतो, तरी दीडदोनशे माणसे असतील.

आता ही क्वान यिन कोण? तिची नि आपली ओळख जुनीच आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेला, डोळे खाली झुकवलेला पद्मपाणी तुम्ही चित्रात तरी पाहिला असेल. तोच अवलोकितेश्वर, करुणेने जगाकडे पाहणारा बोधिसत्त्व. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांतही त्याची अकरा मुखांची मूर्ती आहे. हाच बोधिसत्त्व बौद्ध धर्माबरोबर चीनला गेला आणि काही शतकांत तिथे त्याची देवी झाली. तिच्या चिनी नावाचा अर्थ जगाच्या हाका ऐकणारी. आपल्याकडून जाताना तो पाहणारा होता, तिकडे गेल्यावर ती ऐकणारी झाली! माहेर सोडून गेलेल्या मुलीचे नाव बदलते ना, तसेच वाटले मला ते.

आत मोठे दालन, लाल गालिचा, आणि त्यावर गुडघे टेकून बसलेली माणसे. सगळ्या दालनात एक खुळखुळ आवाज भरून राहिला होता. डाळ पाखडताना येतो ना, तसा. प्रत्येकाच्या हातात बांबूचे एक नळकांडे आणि त्यात शंभर चपट्या काड्या. प्रत्येक काडीवर एक आकडा. नळकांडे थोडे पुढे कलते धरून हळूहळू हलवायचे. हलता हलता एक काडी बाकीच्यांपेक्षा वर सरकते आणि शेवटी टपकन् खाली पडते. ती आपली काडी. दोन पडल्या तर त्या धरायच्या नाहीत, पुन्हा पहिल्यापासून.

"आधी मनात नाव सांग, वय सांग, पत्ता सांग," आँटी कुजबुजल्या.

"पत्ता कशाला?"

"मग उत्तर कुठं पाठवणार ती?"

मी ठाण्याचा पत्ता पिनकोडसकट सांगितला.

"आता एक प्रश्न. एकच. दोन प्रश्नांची खिचडी करायची नाही."

आणि इथेच माझी पंचाईत झाली. नळकांडे हातात धरून मी बसले, आणि प्रश्न काही शब्दांत येईना. 'अण्णांना आणू का?' हा माझा प्रश्न? की 'ते येतील का?' की 'सासूबाईंना चालेल का?' की 'मला झेपेल का?' महिनोन्महिने जे डोक्यात घोळत होते तो एक प्रश्न नव्हताच. चार प्रश्नांचा गुंता होता. शेजारची एक तरुण मुलगी येऊन काडी काढून उठूनही गेली, तरी मी आपली बसलेलीच. शेवटी मनात म्हटले, 'अण्णांना आमच्या घरी आणू का?' आणि हलवायला सुरुवात केली.

काडी पडली. पण एवढ्याने काम होत नाही. लाकडाच्या दोन लाल चंद्रकोरी असतात, एका बाजूने सपाट, एका बाजूने फुगीर. त्या जोडीने जमिनीवर टाकून देवीला विचारायचे, हीच का माझी काडी? एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर होकार. दोन्ही फुगीर वर आल्या तर नाही. आणि दोन्ही सपाट वर आल्या तर देवी हसते आहे, असे समजायचे. म्हणजे प्रश्न नीट विचारला नाहीस, किंवा उत्तर तुला ठाऊकच आहे!

माझ्या पहिल्या फेकीला देवी हसली. मी आँटींकडे पाहिले. त्यांनी नुसते डोळे मिटले. पुन्हा काडी काढली, पुन्हा चंद्रकोरी टाकल्या. या वेळी एक सपाट, एक फुगीर. होय म्हाराजा.

काडीचा आकडा खिडकीवर सांगितला की त्या आकड्याची छापील चिठ्ठी मिळते. आमच्याजवळ कुणी पैसे मागितले नाहीत, दानपेटी होती तिच्यात आपल्या इच्छेने टाकायचे. आकडा मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तिथे काडीच्या आकड्यावर लॉटरीचे तिकीट घेणारेही आहेत, असे आँटींनी सांगितले. आपल्याकडे तो नवा उद्योग नको!

चिठ्ठी घेऊन आम्ही बाहेर येऊन एका बाकावर बसलो. आँटींनी चष्मा लावला आणि मला चिठ्ठी वाचायची कशी हे शिकवले. ते सविस्तर सांगते, कारण खरी मौज त्यातच आहे.

चिठ्ठीच्या माथ्यावर प्रत असते : उत्तम, मध्यम किंवा कनिष्ठ. त्याखाली चार ओळींची कविता, प्रत्येक ओळीत सात अक्षरे. कवितेच्या जोडीला जुन्या काळच्या कुणाची तरी गोष्ट, नुसत्या नावाने सुचवलेली. आपल्याकडे 'हरिश्चंद्र' म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही, तसेच. आणि सगळ्यात खाली संसारातल्या बाबींची यादी आणि प्रत्येकीपुढे दोन-चार शब्दांत निकाल. घरदार, पैसा, लग्न, बाळंतपण, दुखणे, कोर्टकज्जा, हरवलेली वस्तू, प्रवासाला गेलेला माणूस, बिऱ्हाड हलवणे. शिवाय शेती, रेशमाचे किडे आणि गुरेढोरे! चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला गुराढोरांचे भविष्य कशाला, म्हणून मला हसू आले. पण ही यादी खेड्यातल्या माणसांसाठी झाली, ती तशीच चालत आली.

ही पद्धत फार जुनी. सुंग राजघराण्याच्या काळातली, सुमारे आठशे वर्षांपूर्वी छापलेली अशा चिठ्ठ्यांची सचित्र पोथी आजही उपलब्ध आहे. काही देवळांत शंभर काड्या असतात, समुद्राची देवी माझू हिच्या देवळांत बहुधा साठ. हाँगकाँगच्या प्रसिद्ध वाँग ताय सिन मंदिरात तर चिठ्ठीचा अर्थ सांगणाऱ्यांच्या दुकानांची ओळच आहे. थायलंडलाही ही प्रथा गेली, जपानलाही. जपानात नको असलेली चिठ्ठी देवळातच झाडाला किंवा दोरीला बांधून रिकाम्या हाताने घरी जातात. आणि इतके लांब कशाला, आपल्या मुंबईत माझगावला चिनी लोकांचे 'सी यप कून' नावाचे १९१९ सालचे छोटे देऊळ आहे, तिथेही या काड्या आहेत.

माझी चिठ्ठी मध्यमाच्याही थोडी खालची निघाली. माझा चेहरा पडला.

"लोक वरची प्रत बघतात आणि पळतात," आँटी म्हणाल्या. "ती सगळ्यात शेवटी बघायची. आधी गोष्ट बघ."

गोष्ट होती सू छिनची. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा चिनी विद्वान. मोठ्या राजाच्या दरबारी मान मिळवायला घरातून निघाला. राजाने त्याचे ऐकले नाही. जवळचे पैसे संपले, अंगावरचा उंची कोट फाटला, आणि गवताच्या चपला घालून, काळवंडलेल्या तोंडाने तो परत आला. घरात पाऊल टाकले तेव्हा बायको मागावर विणत बसली होती, ती उठली नाही. भावजयीने त्याच्यासाठी चूल पेटवली नाही. आईवडील त्याच्याशी बोलले नाहीत. मग तो रात्र रात्र पोथ्या वाचत बसला. डुलकी येऊ लागली की मांडीला आरी टोचून घेई. पुढे तो सहा राज्यांचा मंत्री झाला, आणि तीच भावजय त्याच्यापुढे जमिनीवर लोटांगण घालत आली.

"म्हणजे आता वाईट आहे, पुढे चांगलं होईल," मी म्हटले. शाळेत शिकवते ना, सारांश काढायची सवय. "आता थांबा, वेळ आलेली नाही, असंच ना?"

"तसंही म्हणता येईल," आँटी म्हणाल्या. "बिऱ्हाड हलवण्यापुढेही 'वाट पहा' असंच लिहिलं आहे. पण मला सांग, या गोष्टीत तू कोण?"

मी म्हटले, "मी? सू छिन. इतके दिवस धडपडते आहे, जमत नाही आहे."

त्यांनी मान हलवली. "तू विचारलंस घरी आणण्याबद्दल. घरी कोण येणार? तुझे वडील. म्हातारे, हरलेले, आपलं सगळं मागं ठेवून. सू छिन ते. तू मागावर बसलेली आहेस."

मला राग आला, खरे सांगते. आयुष्यात एकदा पाहिलेली बाई, आणि मला असे म्हणते! मी दुपारी दोनपर्यंत उपाशी राहून सगळ्यांचे करणारी. वडिलांसाठी झोप उडालेली माझी. मी काय त्यांच्याशी बोलणार नाही?

पण आँटी शांतपणे चिठ्ठीची घडी घालत होत्या. म्हणाल्या, "मी पंचवीस वर्षं मशीनवर बसले. सासरे शेवटी आमच्याकडेच होते. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, कपडे स्वच्छ. पण पाय मशीनवरून कधी काढला नाही. ते खिडकीशी बसायचे. एकदा म्हणाले, इथं सगळं आहे, बोलायला कुणी नाही. मला तेव्हा वेळ नव्हता." मग थोड्या वेळाने, "घरात आणणं सोपं असतं, ला. उठणं कठीण."

त्या बाकावर बसल्या बसल्या मी माझा दिवस डोळ्यांपुढे आणला. सकाळी सहा ते रात्री दहा. त्यात अण्णांना कुठे बसवले होते मी? गॅलरीतल्या खुर्चीवर. खुर्चीचा रंगसुद्धा ठरवला होता. पण अण्णांशी कोण केव्हा बोलणार, ते ठरवले नव्हते. गावी ते सकाळी देवळापर्यंत जातात, वाटेत दहा माणसे थांबवून बोलतात. आमच्या मजल्यावरची माणसे मला दहा वर्षांत 'कशा आहात' पलीकडे बोललेली नाहीत. आणि आणखी एक लक्षात आले, ते तर फारच टोचले. ज्यांच्या घरात मी अण्णांना आणणार होते, त्या सासूबाईंना मी एका शब्दानेही विचारले नव्हते. त्या 'नको' म्हणतील, ही भीती. आणि 'हो' म्हणाल्या तर मग सबब उरणार नाही, हीही भीती.

"आणि तुझ्या वडिलांना तू काय विचारलंस?" आँटींनी विचारले.

"येता ना, असं."

"ते विचारणं नाही. ते सांगणं."

मैत्रिणींनो, काडीला भविष्य कळते असे माझे म्हणणे नाही. शंभरातली एक कुठलीतरी पडणारच, आणि दुसरी गोष्ट पडली असती तर आँटींनी त्यातूनही काही काढलेच असते. आजारपणात तर काडीवर विसंबणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. हे आँटीही मानतात. गुडघ्याचे ऑपरेशन करायचे की नाही, हे त्यांनी डॉक्टरला विचारले, क्वान यिनला नाही. क्वान यिनला नुसते सांगून आल्या की मी अमुक तारखेला जाते आहे, लक्ष ठेव. पण आपला प्रश्न एका वाक्यात बांधणे, दुसऱ्याच्या गोष्टीत आपली जागा शोधणे, आणि ती जागा आवडली नाही तरी तिथे थोडा वेळ बसणे, एवढे काम त्या काडीने माझ्याकडून करून घेतले. दीड वाजेपर्यंत जागून आम्हा दोघी बहिणींना ते जमले नव्हते.

परत आल्यावर आठ दिवस मी गप्प होते. मग एका दुपारी सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या, तिथे जाऊन बसले. वाल सोलता सोलता सगळे सांगितले. अण्णांचे पडणे, माझी भीती, दोन खोल्या, सगळे. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "विचारलंस, बरं वाटलं. मला वाटलं होतं, एक दिवस येऊन उभेच राहतील." थोड्या वेळाने पुन्हा, "कायमचे नको आणूस. झाड उपटल्यासारखं होतं माणसाचं. मला विचार, मी आले ना वाडा सोडून. पावसाळ्याचे चार महिने आण. शेवाळ तेव्हाच असतं."

इतकी साधी गोष्ट! मला कधी सुचली नव्हती, कारण माझ्या प्रश्नात 'आणू' आणि 'नको आणू' असे दोनच कप्पे होते.

अण्णांना फोन केला तेव्हा या वेळी "येता ना?" म्हटले नाही. "अण्णा, पावसात एकटं राहायला कसं वाटतं?" एवढेच विचारले. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटले फोन कट झाला. मग म्हणाले, "रात्री भय वाटता गो." शहात्तर वर्षांत अण्णांच्या तोंडून 'भय' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

त्यांनी अर्थातच आधी देवीला कौल लावला. पहिल्या दिवशी डावी कळी पडली. मी इकडे धास्तावले. दुसऱ्यांदा त्यांनी प्रश्न बदलून विचारला म्हणे : "चार महिन्यांसाठी जातंय आणि परत येतंय." उजवी पडली. गुरवांनी हसून सांगितले, "देवीक आदी नीट कळला नव्हता."

सिंगापूरला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. या देवळात जायचे तर बुगिस स्टेशनावर उतरावे. सकाळी लवकर जावे, पहिला आणि पंधरावा चिनी दिवस टाळावा. आत फोटो काढू नयेत. शेजारच्या कृष्णालाही भेटून यावे. आणि प्रश्न घरूनच नीट बांधून न्यावा, नाहीतर माझ्यासारखे नळकांडे धरून बसावे लागेल.

अण्णा मृगाच्या आधी दोन दिवस आले, बरोबर फणसाच्या आठळ्या आणि कोकमे घेऊन. सगळे गोड झाले असे नाही. सासूबाईंना रेडिओ हळू लागतो, अण्णांना मोठा. न्हाणीघरावरून रोज सकाळी कुरबुर होते. गॅलरीतल्या खुर्चीत अण्णा बसतात आणि पावसाकडे बघत असतात, तेव्हा अजूनही माझ्या पोटात कालवते. पण संध्याकाळचे सहा वाजले की मी तपासायच्या वह्या मिटते, दोन कप चहा घेते आणि गॅलरीत जाऊन बसते. कधी ते बोलतात, कधी नाही. परवा मला म्हणाले, "तुका काम नाय काय आज?"

म्हटले, "आहे. नंतर करेन."